सनद, सोडत आणि जोखीम : अमेरिकेतील सनदी मधल्या शाळा व वंचित विद्यार्थी

अमेरिकेच्या शैक्षणिक परिभाषेत 'जोखमीतील विद्यार्थी' हा शब्दप्रयोग आता इतका रुळला आहे की, त्याच्या अर्थाविषयी सहसा कोणी प्रश्न विचारीत नाही. एप्रिल १९८३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कारकिर्दीत शिक्षणविषयक राष्ट्रीय आयोगाने जो गाजलेला अहवाल सादर केला, त्याच्या शीर्षकात 'जोखीम' हे विशेषण राष्ट्राला लावलेले होते. शाळांचा दर्जा खालावल्यामुळे राष्ट्रच धोक्यात आले आहे, असा त्याचा आशय होता. त्यानंतरच्या वर्षांत हेच विशेषण मुलांना सर्रास लावले जाऊ लागले. गरीब घरातील, कृष्णवर्णीय वा स्पॅनिशभाषक, इंग्रजी पुरेशी न येणारे, विशेष शिक्षणाची गरज असलेले किंवा मागील इयत्तांत मागे पडलेले मूल ते 'जोखमीतील'. विशेषण राष्ट्रावरून मुलावर आले, आणि धोका नेमका कोणापासून कोणाला आहे, हे संदिग्धच राहिले. मराठीत मात्र 'जोखीम' या शब्दाला एक वेगळी अर्थच्छटा आहे. प्रवासात अंगावरचे दागिने किंवा दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली मौल्यवान वस्तू हीसुद्धा जोखीमच असते; ती ज्याच्याकडे दिली, त्याने सांभाळायची असते. अमेरिकन परिभाषेत ही छटा नाही. पुढील विवेचनात ती ध्यानात ठेवल्यास सोय होईल.

दुसरा शब्द 'सनद'. सनदी शाळा म्हणजे सार्वजनिक पैशावर चालणारी, फी न आकारणारी, प्रवेशपरीक्षा न घेणारी, परंतु स्थानिक शिक्षण मंडळाच्या दैनंदिन नियंत्रणाबाहेर असलेली शाळा. तिला ठरावीक मुदतीची सनद मिळते; मुदत संपल्यावर निकाल पाहून ती वाढविली जाते अथवा काढून घेतली जाते. इनामाच्या सनदेशी परिचित असलेल्या मराठी वाचकाला हा व्यवहार अपरिचित वाटू नये : हक्क मिळतो तो अटींसह, आणि देणारा तो परत घेऊ शकतो.

या कल्पनेचे जनकत्व मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील प्राध्यापक रे बडी यांच्याकडे जाते. तिला सार्वजनिक व्यासपीठ मिळवून दिले ते शिक्षक-संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी, १९८८ मधील वॉशिंग्टन येथील भाषणात. शँकर यांच्या डोळ्यांसमोर शिक्षकांनी स्वतः चालविलेल्या प्रयोगशील शाळा होत्या. पुढे या कल्पनेला बाजारपेठेच्या स्पर्धेचे रूप येऊ लागले, तेव्हा तेच तिचे टीकाकार बनले. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये पहिला कायदा केला आणि १९९२ मध्ये सेंट पॉल येथे 'सिटी अकॅडमी' ही पहिली सनदी शाळा उघडली. ती शाळा सोडून दिलेल्या तरुण मुलांसाठी होती, ही गोष्ट महत्त्वाची आहे. या चळवळीने आपल्या अस्तित्वाचे समर्थन आरंभापासूनच मागे पडलेल्या मुलाच्या नावाने केले. म्हणून तिची परीक्षाही त्याच मुलाच्या संदर्भात व्हावी, हे न्याय्य आहे. २०२१ च्या शरद ऋतूत देशभरात सुमारे ७,८०० सनदी शाळा होत्या आणि त्यांत सुमारे ३७ लाख मुले शिकत होती. म्हणजे सार्वजनिक शाळांतील दर चौदा मुलांपैकी एक मूल अशा शाळेत होते.

यांतील मधली शाळा, म्हणजे साधारणपणे पाचवी किंवा सहावीपासून आठवीपर्यंतची शाळा, हीच अभ्यासकांच्या विशेष कुतूहलाचा विषय का व्हावी? अमेरिकन शहरांत मूल आपल्या वस्तीतल्या लहान प्राथमिक शाळेतून, जेथे एकच शिक्षिका दिवसभर त्याला ओळखत असते, एका मोठ्या इमारतीत जाऊन पडते. तेथे दर तासाला शिक्षक बदलतो आणि कोणालाच त्याचे नाव ठाऊक नसते. न्यूयॉर्क शहरातील मुलांच्या अनेक वर्षांच्या गुणांवरून जोना रॉकॉफ आणि बेंजामिन लॉकवुड यांनी २०१० मध्ये दाखवून दिले की, मधल्या शाळेत गेलेली मुले बालवर्गापासून आठवीपर्यंत एकाच शाळेत राहिलेल्या मुलांच्या तुलनेने मागे पडतात. गळती पुढे नववी-दहावीत दिसते. परंतु तिची सुरुवात येथे होते.

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला या वयाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांत शाळा हे केवळ पार्श्वभूमीचे स्थळ नसते. कथनाची सारी उत्कंठाच पुष्कळदा मूल शाळेत टिकते की नाही, या प्रश्नाभोवती गुंफलेली असते. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'त (१९८०) गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील मुलाचे शिकणे हे असेच पदोपदी तुटण्याच्या बेतात असलेले शिकणे आहे. आत्मकथन मात्र टिकलेल्याचे असते, न टिकलेला लिहीत नाही. सनदी शाळांच्या यशोगाथा वाचतानाही हाच विचार मनात येतो, आणि अभ्यासकांची पहिली अडचण नेमकी हीच होती.

ही अडचण अशी : जे पालक आपणहून नव्या शाळेचा अर्ज भरतात, ते मुळातच अधिक जागरूक असतात. त्यांची मुले पुढे गेली तर श्रेय शाळेचे की घराचे? याचे उत्तर मिळाले ते कायद्यातील एका साध्या तरतुदीमुळे. जागांपेक्षा अर्ज अधिक आले तर सनदी शाळेने सोडत काढली पाहिजे, असा सर्वसाधारण नियम आहे. सोडतीत नाव निघालेले आणि न निघालेले मूल यांच्या पालकांत जागरूकतेचा फरक नसतो. फरक केवळ चिठ्ठीचा असतो. त्यांची काही वर्षांनी तुलना केली की शाळेचा परिणाम वेगळा काढता येतो. महाराष्ट्रात शिक्षणहक्क कायद्याखालील पंचवीस टक्के जागांच्या सोडतीकडे डोळे लावून बसणाऱ्या आईबापांना हा दैवाचा खेळ परिचित आहे. त्याच खेळातून अमेरिकन संशोधकांनी आपले सर्वांत भक्कम प्रमाण मिळविले.

या पद्धतीचा देशव्यापी उपयोग करणारा पहिला मोठा अभ्यास संघराज्याच्या शिक्षण विभागासाठी 'मॅथमॅटिका' या संस्थेने केला व तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पंधरा राज्यांतील छत्तीस सनदी मधल्या शाळा आणि त्यांच्या सोडतीत भाग घेतलेली २,३३० मुले हा त्याचा आवाका. सरासरी निष्कर्ष दोन्ही पक्षांची निराशा करणारा होता : सोडतीत जिंकलेली मुले वाचनात, गणितात वा वर्तनात हरलेल्या मुलांपेक्षा पुढेही नव्हती आणि मागेही नव्हती. मुले आणि पालक यांचे समाधान तेवढे वाढलेले होते. ज्यांनी केवळ हा सारांश वाचला, त्यांनी सनदी शाळा निष्फळ असे म्हटले. परंतु सरासरीच्या पोटात दोन विरुद्ध प्रवाह होते. ज्या शाळांत गरीब किंवा आधी कमी गुण मिळविणारी मुले अधिक होती, त्यांचा गणितावरील परिणाम निश्चितपणे अनुकूल होता. ज्या शाळांत सुस्थितीतील मुले अधिक होती, त्यांचा परिणाम तितक्याच निश्चितपणे प्रतिकूल होता. दोन्हींची बेरीज शून्याजवळ येत होती. अभ्यासाला एक मर्यादा आहे, तीही नोंदविली पाहिजे. सोडत निघते ती मागणी असलेल्या शाळेतच. ज्या शाळेत जागा रिकाम्याच राहतात, तिच्याविषयी ही पद्धत काहीच सांगू शकत नाही.

मॅसॅच्युसेट्स राज्यात याच प्रश्नाचा अधिक बारकाईने तपास झाला. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासांत (२०११ व २०१३) बॉस्टनसारख्या शहरातील सनदी शाळांचा परिणाम फार मोठा आढळला. उलट उपनगरी व ग्रामीण भागातील सनदी मधल्या शाळांत मुलांचे गुण घटलेले दिसले. लिन या जुन्या औद्योगिक शहरातील, प्रामुख्याने स्पॅनिशभाषक मुलांच्या 'किप' शाळेविषयीचा त्यांचा २०१२ चा निबंध तर या विषयाचा गाभाच आहे. तेथे प्रत्येक वर्षाच्या शिक्षणामागे गणितात सुमारे एक-तृतीयांश प्रमाण विचलनाएवढी वाढ झाली आणि सर्वाधिक लाभ कोणाला झाला, तर जी मुले येताना सर्वांत मागे होती, ज्यांना इंग्रजी कमी येत होते, ज्यांना विशेष शिक्षणाची गरज होती, त्यांना. या शाळा हुशार मुले वेचून घेतात आणि त्यांच्या बळावर मिरवितात, या आरोपाला याहून नेमके उत्तर मिळणे कठीण.

'किप' ही संस्था म्हणजे या साऱ्या वादाचे केंद्र. 'टीच फॉर अमेरिका' या योजनेतून आलेले डेव्हिड लेव्हिन आणि माइक फाइनबर्ग या दोन तरुण शिक्षकांनी १९९४ मध्ये ह्यूस्टन येथे पाचवीचा एक वर्ग सुरू केला. दुसऱ्या वर्षी एक शाळा ह्यूस्टनमध्ये आणि एक न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात उभी राहिली. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळा, शनिवारचे वर्ग, उन्हाळ्याच्या सुटीतील काही आठवडे, शिक्षकांना रात्री फोन करण्याची मुभा, आणि शिस्तीचे अत्यंत कडक नियम, असे तिचे स्वरूप होते. या धर्तीच्या शाळांना पुढे 'सबब चालणार नाही' अशा अर्थाचे नाव पडले. 'मॅथमॅटिका'च्या २०१३ च्या अभ्यासात त्रेचाळीस 'किप' मधल्या शाळांतील मुले तीन वर्षांत गणितात अकरा महिन्यांच्या आणि वाचनात आठ महिन्यांच्या शिक्षणाइतकी पुढे गेल्याचा अंदाज निघाला.

गणित पुढे आणि वाचन मागे, हा क्रम जवळजवळ सर्वत्र आढळतो आणि भाषेच्या अभ्यासकाने तो दृष्टीआड करू नये. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ रोलंड फ्रायर यांनी यशस्वी सनदी शाळांच्या पाच पद्धती वेगळ्या काढल्या : शिक्षकांच्या वर्गांचे वारंवार निरीक्षण, चाचण्यांवरून अध्यापनात बदल, लहान गटांची नियमित शिकवणी, वाढीव वेळ आणि उच्च अपेक्षा. त्या त्यांनी ह्यूस्टनच्या अतिशय दुबळ्या सरकारी शाळांत राबविल्या. गणितात मुले बरीच वर आली. वाचनात जवळपास काहीच फरक पडला नाही. याचे जे स्पष्टीकरण दिले जाते ते पटण्यासारखे आहे. अपूर्णांकांचा गुणाकार मूल शाळेतच शिकते. शब्दसंपत्ती, वाक्याचे वळण, सूचितार्थ ओळखण्याची सवय ही घरात, गल्लीत, गोष्टींत, भांडणांत वर्षानुवर्षे साठत गेलेली असते. लांबविलेला शाळेचा दिवस ही तूट थोडी भरून काढतो. पूर्ण भरून काढू शकत नाही. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी अशी परिस्थिती असलेल्या भारतीय मुलाच्या बाबतीत हे निरीक्षण अधिकच तीव्रतेने लागू पडावे.

सोडतीच्या पुराव्यावरही एक आक्षेप उरतोच. सोडतीत जिंकलेले आणि हरलेले दोघेही अर्जदारच. ज्यांच्या पालकांनी अर्जच केला नाही, त्या खऱ्या जोखमीतील मुलांचे काय? याचे उत्तर बॉस्टनमधील एका घटनेने दिले. साउथ बॉस्टनमधील गॅव्हिन ही दुर्दशेला पोहोचलेली मधली शाळा २०११ मध्ये 'अप अकॅडमी' या सनदी व्यवस्थापनाकडे सोपविण्यात आली. तेथील मुलांना अर्ज करावा लागला नाही. ती होती तेथेच राहिली, शाळा त्यांच्याभोवती बदलली. अशा मुलांच्या गुणांतही मोठी वाढ झाल्याचे अँग्रिस्ट, पाठक प्रभृतींनी २०१६ मध्ये दाखविले. न्यू ऑर्लिन्समधील हस्तांतरित शाळांबाबतही त्यांचा निष्कर्ष अनुकूलच होता. एवढ्या पुराव्यानंतर शहरी गरीब मुलांच्या चाचणीगुणांपुरते तरी या विशिष्ट प्रकारच्या शाळांचे श्रेय नाकारणे हा दुराग्रह ठरेल.

परंतु चाचणीगुण म्हणजे शिक्षण नव्हे, आणि येथूनच या शाळांच्या मूल्यमापनाचा अवघड भाग सुरू होतो.

समाजशास्त्रज्ञ जोॲन गोलान यांनी अशा एका मधल्या शाळेत वर्षाहून अधिक काळ बसून तिचे दैनंदिन जीवन टिपले. त्यांचे पुस्तक २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठ ताठ, हात घडी करून, नजर बोलणाऱ्यावर. वऱ्हांड्यातून रांगेत, एक शब्द न बोलता. कपाळाला आठी पडली तरी गुण वजा. शाळा मुलांना महाविद्यालयासाठी तयार करीत असल्याचे सांगते. मात्र महाविद्यालयात ज्या सवयी कामास येतात, म्हणजे शंका विचारणे, शिक्षकाशी वाद घालणे, सवलत मागणे, स्वतःहून पुढाकार घेणे, त्या मध्यमवर्गीय मूल घरीच उचलते. आणि येथे गरीब मुलाच्या बाबतीत त्याच सवयी शिक्षेस पात्र ठरतात. आज्ञाधारक कामगार घडविणारी आणि विद्यार्थी घडविणारी शिस्त एकच असू शकते काय, हा गोलान यांचा प्रश्न आहे. शाळांनाही तो टोचला असावा. 'किप'ने २०२० मध्ये 'कष्ट करा, चांगले वागा' या आशयाचे आपले जुने ब्रीद अधिकृतपणे सोडून दिले.

मराठी मुलखाला कडक दिनक्रमाच्या शाळा आणि वसतिगृहे नवी नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि श्रम करून शिकत. तेथेही शिस्त होती. परंतु ती स्वावलंबनाच्या आणि जातिभेद मोडण्याच्या उद्देशातून आलेली होती, आणि शिक्षकही त्याच श्रमांत सहभागी होता. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन शिस्तींतील हा फरक गुणपत्रिकेत उमटत नाही.

गळतीचा प्रश्नही असाच बाह्य आकड्यांनी फसविणारा आहे. कडक शाळेतून कमकुवत मुले निघून जातात आणि म्हणून निकाल चांगला दिसतो, असा आरोप दीर्घकाळ होत आला. प्रत्यक्ष तपासात 'किप' शाळांतून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण आसपासच्या सरकारी शाळांइतकेच निघाले. फरक दुसऱ्याच ठिकाणी होता. सरकारी शाळेत रिकाम्या झालेल्या जागेवर सातवी-आठवीतही नवे मूल येते, आणि ते बहुधा भटकणाऱ्या, भाड्याची घरे बदलणाऱ्या कुटुंबातले, मागे पडलेले असते. 'किप'च्या वरच्या इयत्तांत अशी भरती कमी होई, आणि जी मुले उशिरा येत ती तुलनेने बऱ्या तयारीची असत. संशोधकांच्या मते एवढ्यावरून 'किप'च्या गुणवाढीचे स्पष्टीकरण होत नाही. तथापि सत्राच्या मध्येच दारात येऊन उभे राहणारे मूल, म्हणजे 'उपरा'तल्या मुलाचे अमेरिकन भावंड, हे बहुतेक सरकारी शाळेच्याच वाट्याला येते. त्या मुलाची जोखीम कोणी सांभाळायची, याचे उत्तर सनदेत लिहिलेले नसते.

मधल्या शाळेचा परिणाम पुढे किती टिकतो? 'किप'ने २०११ मध्ये स्वतःच प्रामाणिकपणे जाहीर केले की, तिच्या पहिल्या तुकड्यांतील मुलांपैकी आठवीनंतर दहा वर्षांनी ३३ टक्के मुलांनी चार वर्षांची पदवी घेतली होती. अल्प उत्पन्न गटातील मुलांच्या त्या वेळच्या राष्ट्रीय प्रमाणाच्या हे जवळपास चौपट होते. संस्थेने स्वतःपुढे ठेवलेल्या ७५ टक्क्यांच्या लक्ष्याच्या मात्र ते निम्म्याहूनही कमी होते. छत्तीस शाळांच्या जुन्या अभ्यासातील मुलांचा माग काढून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अधिक खडतर आहे : सनदी मधल्या शाळेत जाण्याने महाविद्यालयात प्रवेश घेण्यावर वा पदवी मिळविण्यावर सरासरी परिणाम झाला नाही; इतकेच नव्हे, ज्या शाळांनी गुण वाढविले त्याच शाळांनी पदवीचे प्रमाण वाढविले, असेही दिसले नाही. 'किप'विषयी २०२३ मध्ये आलेल्या अभ्यासात मधली आणि उच्च अशा दोन्ही शाळा तेथेच केलेल्या मुलांच्या पदवीचे प्रमाण लक्षणीयरीत्या वाढल्याचे आढळले. केवळ मधली शाळा केलेल्यांबाबत तितक्या खात्रीने बोलता आले नाही. चार वर्षे हात धरून पुढे मोकळा सोडणे आणि शेवटपर्यंत धरून ठेवणे, यांत हा फरक आहे.

'सनदी शाळा' हे एकच नाव किती भिन्न वस्तूंना दिले जाते, तेही लक्षात घ्यावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'क्रेडो' केंद्राच्या २००९ च्या पाहणीत गणितात १७ टक्के सनदी शाळा सरस, ३७ टक्के निकृष्ट व उरलेल्या बरोबरीच्या निघाल्या होत्या. त्याच केंद्राच्या २०२३ च्या पाहणीत सरासरी थोडी अनुकूल झाली आणि गरीब कृष्णवर्णीय व स्पॅनिशभाषक मुलांचा लाभ अधिक दिसला. परंतु संगणकावरून चालणाऱ्या दूरस्थ सनदी शाळांतील मुले फार मागे पडलेली आढळली. एकाच कायद्याच्या छत्राखाली लिनची शाळाही येते आणि ही दुकानेही येतात. त्यामुळेच २०१६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी, जेथील पुरावा सर्वांत अनुकूल होता तेथेच, सनदी शाळांची संख्या वाढविण्याचा प्रस्ताव सुमारे ६२ विरुद्ध ३८ टक्के मतांनी फेटाळला. त्यांना आपल्या स्थानिक सरकारी शाळेच्या पैशाची चिंता होती.

हा सारा विचार भारतात निव्वळ परदेशी वार्ता म्हणून राहिलेला नाही. 'टीच फॉर अमेरिका'च्या धर्तीवर २००९ मध्ये 'टीच फॉर इंडिया'चे काम मुंबई आणि पुण्यातच सुरू झाले. आणि 'आकांक्षा' ही संस्था या दोन शहरांत महानगरपालिकांशी करार करून शाळा चालविते, ज्यांची रचना सनदी शाळेशी बरीच मिळतीजुळती आहे. एक भेद मात्र मूलभूत आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली आहे, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध ठरविला आहे, आणि आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत अनुत्तीर्ण मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना दिली. काढून टाकण्याची नाही. शिवाय वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलालाही प्रवेश नाकारता येत नाही, असे त्याच कायद्याचे पंधरावे कलम सांगते. 'किप'च्या सातवी-आठवीच्या वर्गांत ज्या मुलासाठी क्वचितच जागा निघे, त्याच्यासाठी मुंबईच्या करारावरील शाळेला वर्गाचे दार उघडे ठेवावे लागते.